तोंडओळखीचा साक्षीदार

भाऊसाहेब, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भटजी मागं सरतोय न सरतोय तोवर एक आला आणि भात उचलून उडालासुद्धा. लोकांनी हात जोडले. माझ्या शेजारचा कोण एक पावणा म्हणाला, "लई समाधानी माणूस. काय इच्छाच राह्यली नव्हती." मी मान हलवली. छत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, कावळ्याबिवळ्याचं मला काही वाटत नाही. पण त्या दिवशी मनात आलं, मेल्या, तूसुद्धा माझ्यासारखीच खोटी साक्ष देऊन गेलास की रे.

मग भाषणं. आपल्याकडं दहावा म्हटलं की भाषणं आलीच. नदीकाठी मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रवचन उरकलं की एकेकाच्या हातात माइक. ज्यांनी तुम्हाला जन्मात पाहिलं नव्हतं तेही "अत्यंत मनमिळाऊ" म्हणून खाली बसले. मग सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. "भाऊसाहेबांचे नोकरीतले स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक, दोन शब्द बोलतील."

दोनच शब्द बोलायचे होते हो. समोर वहिनी बसल्या होत्या, पदर कपाळावर ओढून. त्यांच्या शेजारी तुमची मनीषा, नजर थेट माझ्यावर. 'हा माणूस लाचखोर नव्हता. मला माहीत होतं, आणि मी कोर्टात खोटं बोललो.' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. मी म्हणालो, "भाऊसाहेब साधे, सरळमार्गी होते. ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो." आणि माइक पुढच्याला देऊन चपला शोधायला लागलो.

म्हणून हे लिहितोय. त्या दिवशी तोंडानं झालं नाही, हातानं तरी होतंय का बघू. आज तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले.

नऊ वर्षं आपण दुपारचा डबा एकत्र खाल्ला. रस्त्याच्या अलीकडं माझी जिल्हा परिषदेची शाळा, पलीकडं तुमचं तलाठी ऑफिस, आमच्या भाषेत चावडी. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी डबा घेऊन रस्ता ओलांडायचो. तुम्ही शिनोलीच्या वरच्या अंगाचे, भातवाले. आम्ही खालचे, कांदा-बटाटा आणि उसाचे. वहिनींनी दिलेली तांदळाची भाकरी तुम्ही माझ्याकडं सरकवायचात आणि माझी बाजरीची ओढून घ्यायचात. "गुरुजी, तुमची भाकर म्हंजी दगूड हाय निस्ता," असं म्हणत अर्धी संपवायचात. मी म्हणायचो, "आणि तुमची आजाऱ्याला द्यायची." नऊ वर्षं हाच विनोद. एकदाही कंटाळा आला नाही.

तुमचा एक गुण मला तेव्हा डोक्यात जायचा. एखादी म्हातारी सातबाऱ्याला आली की तुम्ही उतारा तिच्या हातात कोंबून मोकळे व्हायचा नाहीत. तिला खुर्चीवर बसवायचात आणि अख्खा कागद वाचून दाखवायचात. "ह्ये बघा आजी, हितं तुमचं नाव हाय." ती त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसायची आणि माझी भाकरी गार व्हायची. "अहो, आवरा की," मी ओरडायचो. तुम्ही म्हणायचात, "थांबा वो गुरुजी. तिनं पयल्यांदाच बघितलंय सोताचं नाव."

तर आता शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीचं. त्या वर्षी ऊस शाळेच्या पत्र्याला येऊन टेकला होता. भर दुपारी, पोरं खिचडी खात असताना, बिबट्यानं शाळेमागची कुत्री उचलली. दुसऱ्या दिवशी पहिली-दुसरीचे वर्ग निम्मे रिकामे. कंपाउंडची फाइल कुठल्या टेबलावर झोपली होती देव जाणे. शेवटी गाव म्हणालं, लोकवर्गणी काढू, घरटी दोन हजार. इथवर सगळं झकास. पुढं प्रश्न आला, पैसे ठेवायचे कुणाकडं? वरची आळी म्हणाली, खालच्यांकडं नको. खालची म्हणाली, वरच्यांकडं तर मुळीच नको. मी मुख्याध्यापक खरा, पण बदली होत होत आपल्याच गावात आलेला, म्हणजे खालच्या आळीचा. मग कुणीतरी म्हणालं, "भाऊसायबांकडं ठेवा. त्ये कुणाचंच न्हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे आमच्याच गावाला सुचावं! सख्ख्या भावावर भरवसा नाही, पण तलाठ्याच्या ड्रॉवरवर आहे.

तुम्ही नाही म्हणाला होतात. हे मला आज कुणालाही सांगावंसं वाटतं, पण तेव्हा ऐकायला फक्त मीच होतो. डबा खाताना म्हणालात, "गुरुजी, ह्ये बरं न्हाई. माझ्या टेबलावर पैसं नकोत. मानसं कामाला येत्यात माझ्याकडं. उद्या कोन काय म्हनंल?" मी हसलो. म्हणालो, "अहो, पोरांच्या भिंतीचे आहेत, तुमच्या माडीचे नव्हेत. उलट उताऱ्याला येईल त्याला सोडूच नका. तुमच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती नाही."

हे माझं वाक्य. 'उताऱ्याला येईल त्याला सोडू नका.' ज्याच्या हातात लोकांचं काम अडलेलं असतं त्यानं काम करता करता पैसे मागू नयेत, कुठल्याही कारणासाठी मागू नयेत, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत होती आणि शिकवणाऱ्याला कळत नव्हती. पावतीपुस्तक मंचरहून छापून आणतो म्हणालो होतो, तेही आणलं नाही. तुम्ही बिचाऱ्यानं एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागं घरमालकांची नावं लिहिलीत, पैसे दिलेल्यांपुढं बरोबरची खूण केलीत, आणि दर शनिवारी ती यादी माझ्यापुढं धरून खाली माझी सही घ्यायला लागलात. मी चेष्टा करायचो. "भाऊसाहेब, मी काय पळून जातोय का?"

बबनचं नाव यादीत होतं, खूण नव्हती. बबन माझ्या भावकीतला. बांधावरून आमचं चार वर्षं बोलणं बंद. तो चाकणला कंपनीत, रविवारचा गावी यायचा, त्यामुळं वर्गणीच्या बैठकीलाही नव्हता. त्याचा बाप वारला होता आणि वारसाची नोंद तुमच्याकडं व्हायची होती. तुम्ही मला दोनदा विचारलंत, "बबनरावांना वर्गनीचं सांगितलं का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "सांगतो." कसला सांगतोय! त्याच्या दारात मी जाईन? तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा थाप मारली. "कानावर घातलंय. नोंदीला येईल तेव्हा तेवढे मागून घ्या."

तो नोंदीला आला. तुम्ही म्हणालात, नोंद होऊन जाईल, तेवढे दोन हजार आणून द्या. त्याला वर्गणीचा पत्ताच नव्हता. त्यानं काय समजायचं? सरळ लाचलुचपतवाल्यांकडं गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. त्याचं काही चुकलं नाही, सापळा लावायला आलेल्या लोकांचं काही चुकलं नाही, आणि हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणं डबा घेऊन रस्ता ओलांडला. चावडीच्या दाराशी गर्दी. आत चार-पाच अनोळखी माणसं, बबन कोपऱ्यात, आणि तुम्ही टेबलाशी उभे, बाही दुमडून. त्यांनी तुमची बोटं काचेच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवली आणि पाणी सरबतासारखं गुलाबी झालं. नोटांना पावडर लावलेली असते हे मी पेपरात वाचलं होतं. तुम्ही त्या पाण्याकडं नुसते बघत राहिलात. मग तुमची नजर दाराकडं गेली, मी दिसलो, आणि तुमचा चेहरा असा उजळला, भाऊसाहेब, की तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ह्ये बघा, गुरुजी आलं! त्यांना इचारा कशाचं पैसं हायत त्ये."

त्यांच्यातले साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही कोण?"

"मी शाळेचा मुख्याध्यापक."

"हे पैसे कशाचे, काही माहिती आहे तुम्हाला?"

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

आणि वळलो. शाळेत आलो, चौथीच्या वर्गात बसलो, डबा उघडला. सांगायला लाज वाटते, मी जेवलोसुद्धा. पुरा डबा संपवला.

भ्यालो होतो. दुसरं काही नाही. मीही सरकारी नोकरच. विनापावती, विनापरवाना पैसे गोळा करायला मीच सांगितलेलं, आणि तेही तलाठ्याच्या टेबलावर. खरं बोललो तर तुमच्या शेजारी मला उभं करतील, असं वाटलं. केंद्रप्रमुखाच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. वरच्या एका अधिकाऱ्याचा फोन आला, "गुरुजी, तुमचं नाव कुठं येता कामा नये." मी म्हणालो, "नाही येणार, साहेब." पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी चांगल्या मराठीत, शुद्धलेखनासह सांगितलं: 'तलाठी यांना मी कामानिमित्त तोंडओळखीने ओळखतो. शाळेच्या वर्गणीशी त्यांचा संबंध नाही.' लिहून घेणाऱ्याचा एक ऱ्हस्व चुकला होता, तो मी दुरुस्त करायला लावला. आणि आदल्या शनिवारची ती यादी, जी तुम्ही सहीला दिली होतीत आणि मी घाईत घरी नेली होती, ती माझ्या कपाटात विम्याच्या कागदांखाली गेली.

खटला उभा राहिल्यावर तुमचे वकील माझ्या घरी आले. चहा घेता घेता त्यांनी मला कायदा समजावला, मी ढ विद्यार्थी असल्यासारखा. "गुरुजी, खुनाच्या खटल्यात आरोपी गप्प बसला तरी चालतं. सगळं सरकार पक्षानं शाबीत करायचं. इथं तसं नाही. सरकारी नोकरानं पैसे मागितले आणि घेतले, एवढं शाबीत झालं की ते लाच म्हणूनच घेतले असं कोर्टाला धरून चालावं लागतं. कायदाच तसा आहे. तसं नव्हतं, हे मग आरोपीनं दाखवायचं. टेपमध्ये मागणी आहे, बोटाला पावडर आहे. आता वर्गणीचं कुणीतरी सांगायला पाहिजे. फार नाही लागत, पटण्याजोगं असलं तरी पुरतं. तुमच्या एका साक्षीवर माणूस सुटतो."

"आणि गावातले बाकीचे?"

"ते म्हणतात, गुरुजी बोलले तर आम्ही बोलू."

"बघतो," मी म्हणालो. या 'बघतो'नं माझ्या आयुष्यात जितकी माती केली तितकी दुसऱ्या कशानं केली नाही.

कोर्टात तुम्ही पांढरा शर्ट घालून आला होतात, इस्त्रीचा. तुमच्या वकिलांनी विचारलं, वर्गणी यांच्याकडं जमा करायला तुम्ही सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही. एका यादीवर दर शनिवारी तुम्ही सही करत होता का? मी म्हणालो, आठवत नाही. आरोपीला तुम्ही किती ओळखता? तोंडओळख आहे, मी म्हणालो. साक्ष देऊन खाली आलो तेव्हा वाट अरुंद होती. मला जायला जागा व्हावी म्हणून तुम्ही पाय आत घेतलात. जाताना तुम्ही हळूच म्हणालात, "सावकाश, पायरी हाय." मी पुण्याहून मंचरपर्यंत एसटीत खिडकीबाहेर तोंड करून बसलो.

निकालपत्रात एक परिच्छेद माझ्यावर आहे. 'आरोपीने दिलेला खुलासा मुख्याध्यापकांनी नाकारलेला असल्याने तो विश्वासार्ह वाटत नाही.' कोर्टानं दुसरं काय करायचं होतं? त्यांनी तुमच्याकडं खुलासा मागितला, तुम्ही तो दिलात, आणि तो ज्या एका खुंटीवर टांगलेला होता ती खुंटी मीच उपटून नेली होती. शिक्षा झाली. अपील केलंत म्हणून जामिनावर घरी राहिलात, पण नोकरी गेली, पेन्शन गेलं, आणि तुम्ही वर गावी जाऊन भात लावायला लागलात.

गावाला बोलायला काय लागतं? "आग असल्याबिगार धूर निघत न्हाई." "वरचा मानूस, कवा पैसा बघितला न्हाई, खानारच की." पारावर हे चालायचं आणि मी पेपर वाचत बसायचो. त्याहून वाईट सांगतो. हळूहळू मला ते खरं वाटायला लागलं. म्हटलं, कुणास ठाऊक, वर्गणीचे नसतील खाल्ले, दुसरीकडं कुठं खाल्ले असतील. शेवटी तलाठीच ना! असं मनाशी धरलं की झोप लागायची. कायद्यानं तुम्हाला निदान खुलासा करायला सांगितलं होतं. मी तेवढंही केलं नाही. नऊ वर्षं ज्याची भाकरी खाल्ली त्याच्याबद्दल मी वाईट धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं.

बबननं मात्र एकदा मला पकडलं. निकालानंतर महिनाभरानं, बांधावर. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "गुरुजी, ती भिंतीची वर्गनी व्हती म्हनं? खरं का?"

"तसं कोर्टात शाबीत झालं नाही," मी म्हणालो.

"म्या कोर्टाचं न्हाई इचारत. तुमाला इचारतोय."

"लाइट जाईल, दारं धरायचीत मला," असं म्हणून मी उसात शिरलो. तो बराच वेळ बांधावर उभा होता. पाटाला पाणीच नव्हतं त्या दिवशी.

भिंत झाली. फाटकाशी संगमरवरी पाटी बसवली, 'लोकसहभागातून', खाली देणगीदारांची नावं. मजकूर मीच लिहिला. बबनचंसुद्धा नाव घातलं, गावात वाईटपणा नको म्हणून. तुमचं घातलं नाही.

दोन वर्षांनी मंचरच्या स्टँडवर तुम्ही दिसलात. वाळला होतात, हातात औषधाची पिशवी. मी एका एसटीच्या आड झालो. ती एसटी निघून गेली, आणि मी उघड्यावर पडलो. "ओ गुरुजी!" तुम्ही हाक मारलीत, जणू मधली सुट्टीच झालीय. मला ओढत चहाला नेलंत. पहिला प्रश्न काय विचारलात? मी वाट बघत होतो, आता काढतील, आता काढतील. तुम्ही विचारलंत, "भित झाली का?"

"झाली."

"उंची किती?"

"सहा फूट. वर जाळी."

"झ्याक. जाळी पायजेच. सहा फूट बिबट्या बसल्या जाग्यावरनं उडतोय."

मग मला राहवलं नाही. माफी मागायला तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडलं? मी म्हणालो, "पण भाऊसाहेब, तुम्ही टेबलावर पैसे मागायला नको होते."

तुम्ही हसलात. खरंखुरं हसलात. "म्या बी त्येच म्हनत व्हतो की."

पुढं बराच वेळ चहा फुंकत राहिलात. मग म्हणालात, "कायदा वाईट हाय असं मी न्हाई म्हनत, गुरुजी. खानारा सुटू न्हाई म्हनून केलाय त्यो. आन् पैसं म्या हातात घेतलंच व्हतं. मला फकस्त एक मानूस पायजे व्हता." एवढंच बोललात. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तुमची घोडेगावची गाडी लागली. चहाचे पैसे तुम्ही दिलेत, आणि मी देऊ दिले. त्यानंतर आपली भेट नाही.

आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. कामाच्या टेबलावर चांगल्या कामासाठी मागितलेले पैसे चांगले की वाईट? तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर होतात आणि मी चूक होतो, एवढं कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. आता कबूल केलं तर तुम्ही ऐकायला नाही.

दहाव्याला जेवणं उरकल्यावर मी तुमच्या ओट्यावर टेकलो होतो. आत मनीषा आणि वहिनी बोलत होत्या. वकिलांनी तिला सांगितलं होतं, माणूस गेला की अपीलही तिथंच संपतं. जवळच्या नातेवाइकानं तीस दिवसांच्या आत अर्ज केला आणि कोर्टानं परवानगी दिली तरच पुढं चालतं. वहिनी म्हणाल्या, "कशाला आता बाई? मानूसच गेला." मनीषा तुम्हाला दादा म्हणते, ती म्हणाली, "दादा गेलं, आई. लाच गेली न्हाई अजून." मी उठलो, न सांगताच गाडी धरली.

घरी आल्यावर कपाट उघडलं. यादी होती तशी होती. तुमचं ते सरळ, प्रत्येक वेलांटी नीट काढलेलं अक्षर, नावांपुढं खुणा, बबनच्या नावापुढं मोकळी जागा, खाली माझ्या सह्या. एवढी वर्षं मी ती फाडली का नाही, मलाही सांगता येत नाही. फाडायला पण धमक लागते. बायकोनं ती माझ्या हातात बघितली. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं, सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "पेन्शन बंद केलं म्हंजी?" मग म्हणाली, "त्या बाईच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात तुम्ही. जावा."

परवा घोडेगावला मनीषाच्या दुकानात गेलो. ऑनलाइन फॉर्म भरायचं, झेरॉक्सचं दुकान आहे तिचं. गंमत बघा, सातबारा आता कॉम्प्युटरवर निघतो आणि तुमची लेक लोकांना काढून देते. मी गेलो तेव्हा समोर एक म्हातारी होती. मनीषानं छापलेला कागद तिच्यापुढं धरला आणि म्हणाली, "ह्ये बघा आजी, हितं तुमचं नाव हाय."

म्हातारी गेल्यावर मी यादी काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, तिनं बस म्हटलं नाही. तिनं यादी वाचली, माझ्या सह्यांवरून बोट फिरवलं. रडली नाही, ओरडली नाही. विचारलं, "ह्यो कागद एवढी वर्षं कुठं व्हता?"

"माझ्या कपाटात."

तिनं मशीन सुरू केलं, तीन प्रती काढल्या. "सहा रुपये." मी दहाची नोट दिली, तिनं चार परत दिले. तुमच्या पोरीनं माझा एक रुपया ठेवला नाही की मला एक रुपया सोडला नाही, आणि बरंच केलं. मग म्हणाली, "गुरुजी, तवा तुमी शपथेवर खोटं बोललात. आता खरं बोलताय कशावरनं?"

मी काउंटरवरची यादी नुसती सरळ करत राहिलो.

"कोर्ट बी ह्येच इचारंल. दादा गेलं म्हनून दया आली, नायतर आमी पैसं दिलं, असंच धरून चालतील. तसं न्हाई, ह्ये तुमालाच दाखवावं लागंल." ती रागानं बोलत नव्हती. तुमच्यासारखीच, सावकाश. आणि त्या काउंटरसमोर उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं, भाऊसाहेब, त्या ग्लासासमोर उभं राहून दाराकडं बघणं म्हणजे काय असतं. माझ्या बाजूनं बोलायला दारात कुणी नव्हतं.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, अपिलात नवा पुरावा घ्यायचा की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर. वर गुरुजी, खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावरच खटला होऊ शकतो, विचार करा. मी 'बघतो' म्हणणार होतो. जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हणालो, "कागद कुठं करायचा ते सांगा."

आज सकाळी मंचरला, टायपिस्टच्या टेबलाशी बसून प्रतिज्ञापत्र केलं. मनीषा शेजारी होती. टायपिस्ट तरणाबांड, घाईतला. माझा जुना जबाब समोर ठेवून त्यातलीच वाक्यं भराभर ओढत होता. मध्येच थांबून त्यानं मोठ्यानं वाचलं, "'मयत यांना मी कामानिमित्त तोंडओळखीने ओळखत होतो.' बरोबर?"

"खोडा ते," मी म्हणालो.

"मग काय टाकू? मयताशी नातं काय तुमचं?"

मनीषानं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली.

"लिहा," मी म्हणालो, "नऊ वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला."

"गुरुजी, आसलं कोर्टात लिहीत नसत्यात."

"तुम्ही लिहा," मी म्हणालो. "आणि खाली सहीला जागा मोठी सोडा. या वेळी पूर्ण नाव लिहिणार आहे मी."